‘गुड’ प्रत मागवली आणि फाटकं पुस्तक आलं: जुन्या पुस्तकांच्या अवस्थेचे शब्द कसे वाचावेत

तक्रार नेहमीची आहे. यादीत लिहिलेलं असतं, ‘पहिली आवृत्ती, कापडी बांधणी, अवस्था गुड’. पैसे जातात, आठवड्याभरात पार्सल येतं. आतून निघतं ते वरचं कागदी वेष्टन नसलेलं, कण्याचं कापड वरून उसवलेलं आणि शीर्षकपानावर वाचनालयाचा जांभळा शिक्का असलेलं पुस्तक. घेणारा म्हणतो फसवलं. देणारा म्हणतो, मी ‘गुड’च लिहिलं होतं, ‘फाइन’ नाही. शिक्क्याची गोष्ट सोडली तर देणाऱ्याचं म्हणणं व्यापाराच्या भाषेत बरोबर असतं.

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी आणि तिकडे कारवार, हल्याळपर्यंतच्या पट्ट्यात हा घोळ जास्त होतो, कारण एकच पुस्तक तीन भाषांतून हातोहात जातं. वाड्यातली कपाटं रिकामी होताना रद्दीवाला कानडीत ‘छलो ऐती’ म्हणतो. त्याच्याकडून घेणारा मराठीत ‘चांगली प्रत’ लिहितो. पुढे पुण्या-मुंबईचा संग्राहक ते इंग्रजी यादीतलं ‘गुड’ समजून वाचतो, किंवा उलट, यादीतलं ‘गुड’ मराठी ‘चांगलं’ समजून वाचतो. हे तिन्ही शब्द एकमेकांचे भाषांतर दिसतात, पण त्यांच्या पायऱ्या वेगळ्या आहेत.

शब्दांची उतरंड

अमेरिकेतल्या ‘एबी बुकमन्स वीकली’ या पुस्तक-व्यापाराच्या साप्ताहिकाने १९४९ साली या शब्दांचे अर्थ ठरवून मांडले. आजही इंग्रजी याद्या थोड्याफार फरकाने तेच धरून चालतात.

सगळ्यात वर ‘अ‍ॅज न्यू’ किंवा ‘मिंट’: छापखान्यातून निघालं तसं, वेष्टनासकट. त्याखाली ‘फाइन’. यात दोष नसतो, फक्त नवेपणाची करकर गेलेली असते. मग ‘व्हेरी गुड’. वापराच्या बारीक खुणा चालतात, पण बांधणी किंवा कागद फाटलेला चालत नाही, आणि जो दोष असेल तो लिहावाच लागतो. ‘निअर फाइन’ ही या दोघांमधली, नंतर रूढ झालेली पायरी.

त्याखाली येतं ‘गुड’. याचा अर्थ सर्वसाधारण वापरलेलं, झिजलेलं, पण सगळी पानं जागेवर असलेलं पुस्तक. मराठीत याला आपण ‘बरी प्रत’ म्हणू, ‘चांगली’ नाही. संग्राहकाच्या दृष्टीने ‘गुड’ ही खालची पायरी आहे. पुस्तक फार दुर्मिळ नसेल तर बरेच जण ‘व्हेरी गुड’च्या खाली हात घालत नाहीत, आणि आमच्या मते ते योग्यच करतात.

‘फेअर’मध्ये मजकुराची पानं, नकाशे आणि चित्रपानं पूर्ण असतात, पण सुरुवातीचं कोरं पान किंवा अर्धशीर्षक (शीर्षकपानाआधीचं, नुसतं नाव छापलेलं पान) गेलेलं असू शकतं. ‘पुअर’ म्हणजे वाचण्यापुरती प्रत: मजकूर सगळा, पण डाग, सुटी पानं, ढिली बांधणी. ‘बाइंडिंग कॉपी’ म्हणजे आतलं शाबूत आणि बाहेरचं गेलेलं, म्हणजे बाइंडरकडे नेण्याच्याच लायकीचं.

मराठी यादी करणाऱ्यांनी सरळ एक ठरवावं: ‘उत्तम’, ‘छान’, ‘चांगली’ हे शब्द एकटे लिहू नयेत. ‘दुर्मिळ’ हा शब्द तर अवस्था सांगतच नाही. अतिशय दुर्मिळ पुस्तक पुअर असू शकतं, आणि बरेचदा असतंच.

तिरकी रेघ हे गैरसमजाचं आणखी एक कारण. ‘व्हेरी गुड / गुड’ असं लिहिलं असेल तर पहिला शब्द पुस्तकाचा आणि दुसरा वेष्टनाचा. रेघेनंतर नुसती आडवी खूण असेल तर वेष्टन नाही. ‘सगळ्या दोषांसह’ अशा अर्थाची इंग्रजी आद्याक्षरं ‘डब्ल्यू. ए. एफ.’ दिसली तर नंतर कोणत्याही दोषावरून पुस्तक परत करता येत नाही, एवढं लक्षात ठेवून पैसे पाठवावेत.

वर्णनात ‘रीबाउंड’ नाही, तरी पुस्तक बांधून घेतलेलं निघतं

आपल्या भागातली ही सर्वांत मोठी अडचण, म्हणून तिच्यावर जरा थांबू. वाचनालयं आणि घरंही पुस्तक ढिलं झालं की बाइंडरकडे देतात. बाइंडर मूळ मुखपृष्ठ काढून टाकतो किंवा कापून नव्या पुठ्ठ्यावर डकवतो. पाठीच्या बाजूने दाभणाने भोकं पाडून आडवी शिलाई घालतो आणि शेवटी तिन्ही कडा कटिंग मशीनवर सरळ करतो. पुस्तक मजबूत होतं, आणखी वीस वर्षं वाचकांचे हात सोसतं. वाचनालयासाठी हे बरोबरच आहे. पण संग्राह्य प्रत म्हणून त्याची किंमत उतरते, आणि विकणाऱ्याला पुष्कळदा कळतही नाही की हे मूळ रूप नाही, कारण त्याने मूळ पाहिलेलंच नसतं.

ओळखायचं असं. पुस्तक मधोमध उघडून टेबलावर ठेवा. मूळ शिलाई फर्म्याच्या, म्हणजे एकत्र घडी घातलेल्या पानांच्या जुडीच्या, घडीतून जाते, त्यामुळे पानं सपाट पडतात. आडव्या शिलाईचं पुस्तक दोन्ही हातांनी दाबून धरावं लागतं आणि आतल्या ओळींची अक्षरं घडीत शिरतात. मग फूटपट्टी घ्या. डेमी अष्टमांश पुस्तक साधारण साडेपाच बाय साडेआठ इंच असतं, क्राउन अष्टमांश पाच बाय साडेसात. डेमीची प्रत आठ इंचाच्या आसपास भरली तर कडा कापल्या गेल्यात. वरच्या बाजूला पृष्ठांक किंवा प्रकरणाचं नाव कडेला टेकलेलं दिसलं तर पट्टीचीही गरज नाही.

कण्याला आणि कोपऱ्यांना एक रंग आणि बाकी पुठ्ठ्याला ठिपक्यांचा किंवा लहरींचा कागद असेल तर ते पुस्तक ‘हाफ लेदर’ म्हणून विकायला येतं. त्यातली बरीच रेक्झिनची असतात. पुठ्ठ्याच्या आत दुमडलेला भाग जिथे सुटला असेल तिथे पाहा. रेक्झिनच्या खाली कापडाची उभी-आडवी वीण दिसते, चामड्याच्या तुटक्या कडेला बारीक तंतूंची लव दिसते.

‘रीबॅक्ड’ हा शब्द वेगळा. त्यात जुने पुठ्ठे तसेच ठेवून फक्त कणा नवा घातलेला असतो. ‘फॅक्सिमिली’ म्हणजे हरवलेलं पान किंवा वेष्टन झेरॉक्स किंवा छापून नव्याने घातलेलं. नवं वेष्टन चकचकीत कागदावर असेल आणि अक्षरांच्या कडा भिंगातून ठिपक्यांच्या दिसत असतील तर विचारायला लाजू नका.

डाग आहेत एवढंच कळतं, कसले ते कळत नाही

खानापूरच्या पश्चिमेला जांबोटी-कणकुंबीकडे पाऊस घाटातला, कारवारला समुद्राची दमट हवा, आणि अथणीकडे गेलं की कोरडं. तेव्हा पुस्तक कुठल्या घरातून आलं यावरून दोषाचा अंदाज बांधता येतो. पावसाळी भागातल्या पुस्तकात आधी ठिपके आणि पाण्याच्या रेघा शोधाव्यात, कोरड्या भागातल्यात धूळ, वाळवी आणि ठिसूळ कागद.

‘फॉक्सिंग’ म्हणजे कागदातले तांबूस-तपकिरी ठिपके, कडा धूसर. कागदातले लोहाचे कण आणि बुरशी ही दोन्ही त्याची कारणं मानली जातात, आणि दोघांनाही ओल लागते. हे ठिपके कागदाच्या आत असतात, पुसून जात नाहीत. ब्लीचने घालवू पाहणारे कागदच मारतात. जिवंत बुरशी वेगळी. टॉर्च पानाला जवळजवळ समांतर धरला तर ती लव उठल्यासारखी दिसते, बोटाला लागते आणि वास मारते. फॉक्सिंगची प्रत कपाटात ठेवायला हरकत नाही. बुरशीची प्रत मात्र आधी वेगळी ठेवून, पंख्याच्या हलक्या वाऱ्यात सुकवून, मऊ ब्रशने घराबाहेर झाडावी. नाक-तोंडाला मास्क लावावा. उन्हात वाळत घालू नये, पुठ्ठे वाकतात आणि रंग उडतो. हवेतली आर्द्रता ६५ टक्क्यांच्या वर टिकून राहिली की बुरशीला पोषक वातावरण मिळतं, आणि जून ते सप्टेंबर आपल्याकडे ती त्याच्या किती वर असते हे भिंतींना हात लावून कळतं.

‘टाइडमार्क’ म्हणजे पाण्याची रेघ. पाणी जिथवर चढलं तिथे गडद कडा राहते आणि पान लाटेसारखं होतं. ‘डॅम्पस्टेन’ त्याचाच भाऊ, फक्त कडा इतकी ठळक नसते. वर्णनात यापैकी काही असेल तर किती पानांवर आहे आणि मजकुराला लागलंय का, हे दोन प्रश्न विचारलेच पाहिजेत.

‘टोन्ड’ किंवा ‘ब्राउन्ड’ म्हणजे सगळंच पान सारखं पिवळं-तपकिरी पडलेलं, कडेला जास्त. लाकडाच्या लगद्याचा स्वस्त कागद आम्लामुळे आपोआप असा होतो. दुसऱ्या महायुद्धात कागदाची टंचाई होती, त्या वर्षांतल्या पुस्तकांत हे सर्रास दिसतं. तो दोष लिहायचा, पण त्यावरून घासाघीस फार करू नये, त्या काळचं गोरं पान सहसा मिळतच नाही. कागद ठिसूळ झालाय का हे पाहण्यासाठी कोपरा दुमडून बघण्याची खोड काही जणांना असते. संग्राह्य प्रतीवर ती करू नका. पानं उलटताना खाली पडलेल्या कपच्या आणि कडेचे तुटलेले त्रिकोण तेच सांगतात.

कीड तीन तऱ्हांची. कसर कागदाचा वरचा थर आणि खळ चाटून खाते, त्यामुळे कापडी पुठ्ठ्यावर वेडेवाकडे फिके चट्टे पडतात. भुंग्याच्या अळ्या सुईच्या टोकाएवढं गोल भोक पाडत पानामागून पान जातात, त्याला यादीत ‘वर्मिंग’ म्हणतात. वाळवी कण्याकडून किंवा खालच्या कडेकडून मातीसकट शिरते आणि पानांचे लचके नेते. ‘वर्मिंग’ एवढंच लिहिलं असेल तर समासात आहे की मजकुरात, हे कळल्याशिवाय किंमत ठरत नाही.

वास कोणत्याच श्रेणीत मोजला जात नाही. निपाणी भागात तंबाखूच्या वखारीजवळच्या घरातलं पुस्तक ‘व्हेरी गुड’ असूनही महिनोन्‌महिने वास सोडत नाही. डांबराच्या गोळ्यांचाही तसाच. विकणाऱ्याला तो जाणवेनासा झालेला असतो, म्हणून घेणाऱ्याने स्वतः विचारावं.

शिक्के, आणि शिक्का नसण्याची शंका

वाचनालयाचं पुस्तक कितीही सुस्थितीत असलं तरी ‘एक्स-लायब्ररी’ असं लिहावंच लागतं, हा त्या जुन्या व्याख्येचाच भाग आहे. ते न लिहिणं ही चूकच, तिथे विकणाऱ्याची बाजू घेता येत नाही. बेळगावचं सार्वजनिक वाचनालय १८४८ सालचं. असा जुना वाचनालयांचा वारसा असलेल्या गावातून शिक्क्यांची पुस्तकं बाजारात येणारच.

शीर्षकपान, शेवटचं पान आणि मधलं एक ठरावीक पान, अशा तीन जागा तपासा. बऱ्याच वाचनालयांचं एक गुप्त पान असतं, त्या पृष्ठांकावर प्रत्येक पुस्तकात शिक्का मारतात. शीर्षकपान नाहीसं आहे आणि आतल्या एका पानावर शिक्का आहे, तर अर्थ उघड आहे. पुठ्ठ्याच्या आत तारीखपट्टी किंवा कार्डाचा खिसा काढल्याचा चौकोनी फिका डाग राहतो. दाखल क्रमांक आहे पण ‘निर्लेखित’ किंवा ‘बाद’ असं कुठेच नाही, तर ते पुस्तक वाचनालयाने काढलं की कुणी परत केलंच नाही, हे आधी विचारावं. शिक्का जिवंत असलेल्या वाचनालयाचा असेल तर त्यांना एक फोन करणं हे पुस्तकावर प्रेम असणाऱ्याचं कामच आहे.

शिक्क्यावरून काळही कळतो. ‘मुंबई इलाखा’ किंवा ‘मुंबई राज्य’ असेल तर तो साधारण १९५६ च्या आधीचा, कारण १ नोव्हेंबर १९५६ ला बेळगाव म्हैसूर राज्यात गेलं. ‘म्हैसूर राज्य’ असेल तर तिथून १९७३ पर्यंतचा, नंतर ‘कर्नाटक’. अर्थात रबरी शिक्के झिजेपर्यंत वापरले जातात, तेव्हा दोन-चार वर्षं इकडेतिकडे धरावीत.

सहीच्या प्रतींची परीक्षाही अशीच छापील मजकुरावरून करावी. समजा, एक प्रत ‘१९४६ च्या बेळगाव साहित्य संमेलनात लेखकाने सही करून दिलेली’ म्हणून आली. संमेलन त्या साली बेळगावात झालं, ग. त्र्यं. माडखोलकर अध्यक्ष होते, इथवर ठीक. आता शीर्षकपानाची मागची बाजू उघडा. किंमत ‘३ रुपये ८ आणे’ असेल तर गोष्ट जुळू शकते. ‘३ रु. ५० न. पै.’ असेल तर नाही, कारण नवे पैसे १ एप्रिल १९५७ ला आले. सन शकात दिला असेल तर ७८ मिळवा: शके १८६८ म्हणजे १९४६. शकवर्षाचे शेवटचे दोन-तीन महिने इंग्रजी नव्या वर्षात जातात, तिथे ७९.

पैसे पाठवण्याआधी

श्रेणी मागू नका, दोष मागा. विकणारा तुमच्यापेक्षा वडील असेल, रद्दीच्या दुकानातला असेल, तर त्याला ‘फाइन’-‘फेअर’ विचारून काही उपयोग नाही. साधं असं लिहा:

‘नमस्कार मामा. पुस्तक घ्यायचं आहे. एवढं बघून सांगाल का? वरचं कागदी वेष्टन आहे का, त्याच्या आतल्या घडीवरची किंमत कापलीय का. पहिलं आणि शेवटचं पान आहे का. कुठं सेलोटेप लावलाय का. शिक्का किती पानांवर आहे. एकूण पृष्ठं आणि फोटोची पानं मोजून कळवा. कण्याचा, उघड्या शीर्षकपानाचा आणि तिन्ही कडांचा उजेडातला फोटो पाठवा.’

फोटोची पानं वेगळी मोजायला सांगण्याचं कारण, आर्ट पेपरवरची चित्रं बहुधा पृष्ठांकात धरलेली नसतात, त्यामुळे दोन फाडून नेली तरी पानं १ ते २६४ बरोबर भरतात. चित्रसूची असेल तर तिच्याशी ताडा. सूची नसेल तर घडीत फाटलेल्या कागदाची अरुंद पट्टी राहिलीय का ते बोटाने चाचपा. मजकुराचं पान गेलं असेल तर फर्मा मोजून सापडतं: १६ पानांचा फर्मा, त्यात मधल्या दोऱ्याच्या दोन्ही बाजूंना सारखीच पानं हवीत.

सेलोटेपचं स्वतंत्र विचारावं, कारण टेपचा गोंद काही वर्षांत तपकिरी होऊन कागदात उतरतो. टेप गळून पडते, डाग कायमचा राहतो. यादीत अशा पानाला ‘दुरुस्त केलेलं’ म्हटलेलं आढळतं. ती दुरुस्ती दोषातच मोजावी.

‘जॉइंट’ आणि ‘हिंज’ यांतही गोंधळ होतो. पुठ्ठा आणि कणा जोडणारी बाहेरची खाच म्हणजे जॉइंट, तीच जागा आतून पाहिली की हिंज. ‘हिंज स्टार्टेड’ म्हणजे आतला कागद चिरायला लागलाय, ‘क्रॅक्ड’ म्हणजे चिरलाय. ‘शेकन’ म्हणजे पानांचा गठ्ठा पुठ्ठ्यात हलतो, ‘कॉक्ड’ म्हणजे उभं केल्यावर पुस्तक तिरकं दिसतं. ‘अनकट’ला बरेच जण न वाचलेलं समजतात. त्याचा अर्थ कडा मशीनवर न कापलेल्या, एवढाच. घड्या फोडल्याच नसतील तर ‘अनओपन्ड’.

तुम्हीच विकत असाल तर वर्णन या धर्तीवर करा: ‘पहिली आवृत्ती, डेमी, पृष्ठे ८ + २६४, चित्रपानं ४, सर्व आहेत. मूळ कापडी बांधणी, कण्याच्या वरच्या टोकाकडचा अर्धा इंच उसवलेला. वेष्टन आहे, मागच्या बाजूला एक इंचाची चीर, तुकडा गेलेला नाही. सुरुवातीच्या ६ पानांवर तांबूस ठिपके. कोऱ्या पानावर शाईने सप्रेम भेट, १९५२. शिक्का नाही, वास नाही. गुड / गुड.’ एवढं लिहिल्यावर शेवटचे दोन शब्द चुकले तरी कुणी भांडत नाही.

पावसात पाठवायचं तर आधी पुस्तक दोन-तीन दिवस कोरड्या खोलीत उभं, पानं थोडी मोकळी करून ठेवा. ओलसर पुस्तक प्लास्टिकमध्ये बंद केलं की वाटेतच बुरशी धरतं. साध्या पांढऱ्या कागदात गुंडाळा, वर्तमानपत्राची शाई कापडाला लागते. मग प्लास्टिक, मग पुस्तकापेक्षा चारी बाजूंनी अर्धा इंच मोठे दोन पुठ्ठे. कोपरे दबतात, ज्याला यादीत ‘बम्प्ड’ म्हणतात, ते या अर्ध्या इंचाच्या कंजुषीमुळेच. घेणाऱ्याने पार्सल फोडताना आधी बाहेरून, मग गुंडाळी काढताना आणि शेवटी पुस्तकाचा फोटो काढावा, आणि त्याच दिवशी यादीतलं वर्णन समोर धरून एकेक ओळ तपासावी. काही वेगळं निघालं तर ‘अवस्था खराब आहे’ असं न लिहिता पृष्ठांकासह दोष कळवा.